शोकेसमधला तो जड शंख कोणता? ‘हेल्मेट शंख’ ओळखायचा कसा आणि तो विकता का येत नाही

कर्जत : दिवाळीत मामाकडे गेले होते. फराळाची ताटली हातात पडायच्या आधीच मामेभावाने मोबाइल पुढे धरला. जुन्या वस्तू विकण्याच्या एका ॲपवर त्याने जाहिरात टाकली होती : ‘अँटिक शंख. शेतात सापडलेला. शंभर टक्के ओरिजिनल. किंमत 6,500 रुपये.’ खाली मामाच्या शोकेसमधल्या शंखाचा फोटो. खालापूरकडच्या एका होमस्टेवाल्याने तर रिसेप्शनवर ठेवायला पाच हजारांची तयारीही दाखवली होती.

हा शंख मी लहानपणापासून पाहतेय. नारळाएवढा, जड, पाठीवर शिंगं आणि खालून नारिंगी, चकचकीत. आम्ही भावंडं त्याला ‘डायनासोरचा दात’ म्हणायचो. शेतात वगैरे तो कधीच सापडला नव्हता. मामा 1996 मध्ये एलटीसी घेऊन अंदमानला गेले होते, तिथल्या बाजारातून तो आला. ‘शेतात सापडला’ लिहिलं की भाव वाढतो, असं भावाला कुणीतरी सांगितलेलं.

मी डेस्कवर काम करते, जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं, डिग्री मेकॅनिकलची. पण जाहिरात टाकायच्या आधी वस्तू काय आहे हे तरी माहीत हवं, एवढ्यावरून आमची वादावादी झाली आणि पुढचे दोन दिवस त्या शंखात गेले. कर्जत, खालापूर, खोपोली, नेरळ इथल्या कित्येक घरांत असा एखादा शंख असतोच. कुणी कन्याकुमारीहून आणलेला, कुणी रामेश्वरहून, कुणी अंदमानहून. म्हणून हा सगळा हिशेब इथे मांडतेय.

शेतात असा शंख सापडू शकतो का?

थोडक्यात उत्तर : नाही. कर्जत-खालापूरची जमीन ही लाव्हारसातून तयार झालेली, म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकाची. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचत गेले आणि त्यातून सह्याद्रीचा हा भाग घडला. कोंडाणे लेणी कोरली आहेत ती याच खडकात. या थरांमध्ये प्रवाळाच्या समुद्रातला शंख सापडायचं कारण नाही. आपल्या भातखाचरात आणि ओढ्यात सापडतात त्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी : गोलसर, पातळ कवचाच्या, तोंडाला झाकण असलेल्या. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर चढते ती मोठी, लांबट आफ्रिकन गोगलगाय तर जमिनीवरचीच, तिला झाकणही नसतं. या दोन्हींचं कवच मुठीत दाबलं तर चुरा होईल. मामाचा शंख पायावर पडला असता तर प्लास्टर घालावं लागलं असतं.

तेव्हा घाटाखालच्या कुणी ‘शेतात निघालेला समुद्री शंख’ विकायला आणला, तर एक तर तो कुणाच्या तरी सहलीतून आलेला आहे किंवा गोष्ट रचलेली आहे.

मोबाइल ॲपने काय सांगितलं?

पहिला उपाय अर्थातच फोटो काढून ओळखणारं ॲप. चार फोटो टाकले, चार नावं आली. एकदा तर ‘खडक’ असंही आलं. भाऊ हसला, पण चूक ॲपची कमी आणि आमची जास्त होती. आम्ही चारही वेळा शंखाच्या पाठीचा फोटो काढला होता. पाठ करडी-पांढरट, झिजलेली, शेवाळाचे डाग पडलेली. अशी पाठ डझनभर जातींची असते.

शंख ओळखायचा तो तोंडावरून. माणसाचा आधारसाठी फोटो काढताना पाठमोरा उभा करत नाहीत, तसंच हे. शंख उलटा करून मुखाचा फोटो टाकला, तेव्हा पहिल्याच झटक्यात ‘हेल्मेट’ हा शब्द आला. नेमकी जात मात्र ॲपने तेव्हाही दोनदा वेगवेगळी दाखवली. पुढचं काम डोळ्यांनीच करावं लागलं.

हेल्मेट शंख म्हणजे काय?

समुद्री गोगलगायींचं एक कुळ आहे, कॅसिडी नावाचं. ‘कॅसिस’ हा लॅटिन शब्द, अर्थ शिरस्त्राण. शंख पालथा ठेवला की जुन्या सैनिकाच्या लोखंडी टोपासारखा दिसतो, म्हणून हे नाव. यातले मोठे, जड ते ‘हेल्मेट’ आणि लहान, हलके ते ‘बॉनेट’, म्हणजे टोपडं.

कूळ ओळखायला चार गोष्टी पुरतात. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा.

पहिली गोष्ट टोक. गुंडाळी जिथून सुरू होते तो भाग हेल्मेट शंखात बुटका असतो. शेवटचं वेटोळं इतकं फुगलेलं असतं की जवळजवळ सगळा शंख म्हणजे तेच.

दुसरी गोष्ट मुख. ते गोल भगदाड नसतं. लांब, अरुंद फट असते, वरपासून खालपर्यंत.

तिसरी गोष्ट ओठ. उजवीकडचा बाहेरचा ओठ जाड, बाहेर वळलेला आणि आतून दातेरी. डावीकडे, आतल्या बाजूला, चकचकीत थर पसरलेला असतो. मोठ्या जातींत तो इतका पसरतो की त्याची चक्क ढाल होते. मामाचा शंख टेबलावर डुगडुगत नाही तो या ढालीमुळे. ती सपाट बैठकच आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात खात्रीची, आणि तीच कुणी पाहत नाही. मुखाच्या खालच्या टोकाला एक पन्हळ असते, त्यातून गोगलगाय श्वासाची नळी बाहेर काढते. हेल्मेट शंखात ही पन्हळ आखूड असते आणि एकदम पाठीकडे वळलेली असते, नळाची तोटी उलटी वर मुरडावी तशी. मी बोट घालून पाहिलं, बोटही पाठीकडे वळलं.

पाठीवर अधूनमधून उभे उंचवटे दिसले तर तेही वाचता येतात. ही गोगलगाय सलग वाढत नाही. वाढते, थांबते, जाड ओठ बांधते, मग पुन्हा पुढे वाढते. जुना ओठ पाठीवर तसाच राहून जातो. इमारतीवर मजला चढवताना आधीच्या स्लॅबची रेघ भिंतीत दिसत राहते, तसा.

पूजेचा शंख वेगळा कसा?

मामीचं म्हणणं, ‘अगं, शंख तो शंख.’ देवघरात ठेवतो तो पांढरा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. तो मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता असतो. त्याच्या बाहेरच्या ओठाला दात नसतात, ढाल नसते आणि खालची पन्हळ सरळ असते. मुखातून आत मधल्या खांबाकडे पाहिलं तर त्यावर तीन-चार ठळक घड्या दिसतात. त्या घड्या हीच त्याची सही.

याच घड्या दक्षिणावर्ती शंखाच्या बाबतीतही उपयोगी पडतात, आणि तिथे तर लाखोंची भाषा असते. पूजेच्या शंखात उलट्या गुंडाळीचा नमुना फार म्हणजे फारच दुर्मीळ. त्याच्या नावाने बाजारात बऱ्याचदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लाइटनिंग व्हेल्क विकला जातो. ती जात मुळातच डाव्या गुंडाळीची असते, त्यात दुर्मीळ काही नाही. फरक कळतो तो आतल्या घड्यांवरून, कारण व्हेल्कच्या खांबावर त्या नसतात. आणखी एक गोंधळ इथेच मिटवू : शास्त्रज्ञ शंखाचं टोक वर धरून डावं-उजवं ठरवतात, आपल्याकडे परंपरेने पन्हळीची बाजू वर धरतात. म्हणून जो शंख त्यांच्या लेखी डावा तो आपल्या लेखी दक्षिणावर्ती. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

मग मामाचा शंख नेमका कोणता?

कूळ ठरलं, जात ठरवायची होती. भारतातल्या घरांत मोठा हेल्मेट शंख आढळला तर तो बहुतेक वेळा दोनपैकी एक असतो.

एक, कॅसिस कॉर्न्युटा, म्हणजे शिंगवाला हेल्मेट. कार्ल लिनियसने 1758 मध्ये ही जात नोंदवली. कुळातल्या सर्वांत मोठ्या जातींपैकी ही एक. 20-25 सेंटिमीटरचे नमुने नेहमीचे, त्याहून बरेच मोठेही मिळतात. खांद्यावर बोथट शिंगांची रांग आणि त्याखाली पाठीवर बारीक गाठींचे पट्टे. पाठ करडी-पांढरी, जवळून पाहिली तर बारीक खळग्यांची. ढाल रुंद, पिवळट ते नारिंगी. बाहेरच्या ओठावर मधल्या भागात मोजकेच पण जाड दात.

दुसरा, सायप्रीकॅसिस रूफा. ‘रूफा’ म्हणजे तांबूस. इंग्रजी बोलीत त्याला बैलतोंड्या म्हणतात. हा आकाराने लहान, साधारण 15 सेंटिमीटरच्या आसपास. शिंगं नाहीत, त्याऐवजी बोथट गाठींच्या एकाखाली एक रांगा. रंग विटकरी-तांबडा. आणि मुख्य फरक दातांचा : बाहेरच्या ओठावर वरपासून खालपर्यंत वीसहून अधिक दात ओळीने असतात, आतल्या बाजूलाही पांढऱ्या सुरकुत्या आणि त्यांच्यामध्ये गडद तपकिरी रंग. कंगव्यासारखं तोंड दिसलं की रूफा समजा.

मामाच्या शंखाला शिंगं होती, ढाल नारिंगी होती, दात मोजके होते. कॅसिस कॉर्न्युटा.

मापं घेताना गंमत झाली. माझ्याकडे कॉलेजचा व्हर्नियर कॅलिपर अजून आहे, मी मोठ्या रुबाबात तो काढला, आणि त्याचा जबडा 15 सेंटिमीटरलाच संपला. शेवटी शंख भिंतीला टेकवला, दुसऱ्या बाजूला डिक्शनरी उभी केली आणि मधलं अंतर पट्टीने मोजलं. 21.4 सेंटिमीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन 1 किलो 380 ग्रॅम. लांबी मोजायची ती टोकापासून पन्हळीच्या टोकापर्यंत, जास्तीत जास्त भरेल ती.

या जातीत नर-मादीचा फरकही कवचात दिसतो. नर लहान, त्याची शिंगं कमी पण लांब. मादी मोठी, तिची शिंगं आखूड आणि संख्येने जास्त. आमची आखूड शिंगांची, त्यामुळे बहुधा मादी. मामींना हे फार आवडलं.

कुठे फसायला होतं?

सर्वांत जास्त पिलांमध्ये. पूर्ण वाढ होण्याआधी कॅसिस कॉर्न्युटाला ढाल नसते, ओठ पातळ आणि बिनदाताचा असतो. असा लहान शंख पाहून ‘हा काही हेल्मेट नाही’ असं कुणीही म्हणेल. तिथे बुटकं टोक आणि पाठीकडे मुरडलेली पन्हळ याच दोन खुणा कामाला येतात.

दुसरी फसगत परदेशातून आलेल्या भेटींची. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी फ्लोरिडाहून किंवा कॅरिबियन सहलीतून आणलेला हेल्मेट शंख असेल, तर ती वेगळी जात असते. त्यातल्या एकीचं नाव कॅसिस मादागास्कारिएन्सिस. नाव मादागास्करचं, प्राणी मात्र अटलांटिकच्या पश्चिम बाजूचा. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1822 मध्ये नाव दिलं तेव्हा ठिकाण चुकलं, आणि नावं बदलण्याचे नियम कडक असल्याने चूक आजही नावात आहे. लेबलावर विसंबू नका, याला इतकं सरकारी उदाहरण दुसरं सापडणार नाही.

तिसरी गोष्ट, बॉनेट. सात-आठ सेंटिमीटरचा, हलका, गुळगुळीत करडा शंख, ओठाच्या खालच्या कोपऱ्यात तीन-चार टोकदार काटे : हा फेलियम ग्लॉकम. पांढऱ्यावर तपकिरी चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे, असतील तर फेलियम एरिओला. कूळ तेच, पण हे ‘शिंगवाले’ नव्हेत. किनाऱ्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या मिक्स पाकिटांत असे छोटे बॉनेट असतात.

आणि कृपा करून व्हिनेगर किंवा लिंबू टाकून ‘खरा की प्लास्टिक’ ही परीक्षा करू नका. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लाने फेस येतो हे खरं, पण चकाकी कायमची जाते. भावाने लिंबू कापलंच होतं. गालाला लावून पाहा, शंख गार लागतो. वजन तर हातालाच कळतं.

हा प्राणी जगतो कसा?

आम्लाचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण मला सगळ्यात आश्चर्य याचं वाटलं. ही गोगलगाय दिवसा वाळूत गाडून घेते आणि रात्री शिकारीला निघते. शिकार म्हणजे सागरी अर्चिन, काट्यांचा चेंडू, साळिंदरासारखा. हेल्मेट गोगलगाय त्याच्यावर चढते, काटे तिला फारसे रोखत नाहीत. मग ती सोंडेसारखा अवयव टेकवते, त्यातून सल्फ्युरिक आम्ल असलेला स्राव सोडते आणि मऊ पडलेलं कवच दातेरी जिभेने कापून भोक पाडते. आतला मऊ भाग त्या भोकातून खाल्ला जातो. सल्फ्युरिक आम्ल, म्हणजे गाडीच्या बॅटरीत असतं तेच. या गोगलगायींच्या भाऊबंदांपैकी एकीच्या लाळेत ते असल्याचं जर्मन शास्त्रज्ञ ट्रोशेल याने 1854 मध्ये दाखवलं होतं. आणि स्वतःचं घर मात्र आम्लात विरघळणाऱ्या चुन्याचं. डिझाइन रिव्ह्यूमध्ये हे कुणी पास केलं नसतं.

अर्चिन खाणारे प्राणी प्रवाळाच्या भागात महत्त्वाचे. अर्चिन प्रवाळाचा खडक खरवडतात, त्यांची संख्या बेसुमार वाढली तर खडकच झिजतो. कॅसिस कॉर्न्युटा भारतात अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात आढळतो, म्हणजे जिथे प्रवाळ आहे तिथे. तो काटेरी मुकुट नावाने ओळखला जाणारा, प्रवाळ फस्त करणारा तारामासाही खातो.

आता व्यापाराचं गणित पाहा. झिजून किनाऱ्याला लागलेला रिकामा शंख डागाळलेला, भोकं पडलेला असतो. शोकेसमध्ये शोभेल असा चकचकीत, अखंड ओठाचा शंख हवा तर गोगलगाय जिवंत असतानाच पकडावी लागते. मामाच्या शंखाची ढाल आरशासारखी आहे. याचा अर्थ काय, ते मामाला समजावून सांगताना मला जरा जड गेलं.

सजावटीखेरीज या शंखांना आणखी एक गिऱ्हाईक होतं. कवचाचे थर वेगवेगळ्या रंगांचे असतात, वरचा पांढरा आणि खालचा नारिंगी किंवा तपकिरी. वरचा थर कोरून चेहरे काढायचे, खालचा रंग पार्श्वभूमी : यालाच कॅमिओ म्हणतात. इटलीत नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको या गावात 19व्या शतकापासून हा धंदा चालत आला आहे आणि रूफा हा त्यांच्या आवडत्या शंखांपैकी एक. आजीच्या पेटीतल्या जुन्या ब्रोचवर बाईचा पांढरा चेहरा कोरलेला असेल, तर तो कदाचित हेल्मेट शंखाचा तुकडा असेल.

कायदा काय सांगतो?

जाहिरातीचा मुद्दा इथे येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 म्हटलं की आपल्याला वाघ आणि बिबट्या आठवतात. पण या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दात अपृष्ठवंशीय प्राणीही येतात. 2001 मध्ये केंद्र सरकारने समुद्री शंख-शिंपल्यांच्या काही जाती संरक्षित यादीत घातल्या. कॅसिस कॉर्न्युटा आणि सायप्रीकॅसिस रूफा या दोन्ही तेव्हा पहिल्या अनुसूचीत गेल्या. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच. ट्रायटनचा लांबलचक कर्णा शंख आणि दोन जातींचे महाकाय शिंपलेही त्याच यादीत, तर पंजासारखी बोटं असलेल्या कोळी शंखाच्या काही जाती चौथ्या अनुसूचीत.

‘पण हा तर मेलेला, रिकामा शंख आहे,’ हा भावाचा पहिला बचाव. तो टिकत नाही. कायद्यातल्या ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत शिंग, हाड, दात, नख यांच्याबरोबर कवचाचाही स्पष्ट उल्लेख आहे. ‘आम्ही तर 1996 मध्ये विकत घेतला,’ हा दुसरा बचाव. तेव्हा खरेदीला अडचण नव्हती, हे बरोबर. पण बंदी आल्यानंतर अशी वस्तू विकणं, विकायला ठेवणं हा वेगळा विषय आहे. जुन्या वस्तू जाहीर करण्याची एक संधी सरकारने 2003 मध्ये 180 दिवसांसाठी दिली होती. ती हस्तिदंत आणि वाघाच्या कातड्याबरोबर मामाच्या शंखालाही लागू होती. मामांना अर्थातच ते माहीत नव्हतं, आणि कर्जतमधल्या कुणाला माहीत असेल असं मला वाटतही नाही. वाघाच्या कातड्याची बातमी होते, शंखाची होत नाही.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आहे. दंडाची किमान रक्कम 2022 च्या दुरुस्तीने 10,000 वरून 25,000 रुपये झाली. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. तिच्यात सहा अनुसूचींच्या चार झाल्या, क्रमांक बदलले. त्यामुळे इंटरनेटवर फिरणारे जुने तक्ते पाहून ‘आपला शंख चौथ्या अनुसूचीत म्हणजे चालतो’ असा अर्थ काढू नका. आजची यादी वन खात्याकडून पडताळून घ्या.

भेट म्हणून देणंही सोपं नाही, आणि कुरिअरने पाठवणं तर नाहीच. संरक्षित वस्तू नव्याने ताब्यात आली तर 48 तासांत जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवण्याची तरतूद आहे. म्हणजे फार्महाऊस विकत घेतलं आणि आधीच्या मालकाच्या शोकेससकट शंख आला, तर ‘तो माझा नाहीच’ म्हणून भागत नाही. कर्जत-खालापुरात फार्महाऊस किती वेळा हात बदलतात ते वेगळं सांगायला नको.

घरात असा शंख असेल तर काय करायचं?

आधी ओळख पक्की करा. पाच फोटो काढा : मुख, पाठ, वरून टोक, खालून पन्हळ आणि पट्टी शेजारी ठेवून एक. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कारण चकचकीत ढालीवर फ्लॅश पडला की दातच दिसत नाहीत. कुठून, कोणत्या साली, कुणी आणला ते कागदावर लिहा. बिल असेल तर उत्तमच.

पडताळणीसाठी तज्ज्ञ लांब नाहीत. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, लोणावळ्याचा घाट चढलं की पुढेच. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. डॉ. दीपक आपटे यांचं भारतीय शंख-शिंपल्यांवरचं पुस्तक याच संस्थेने 1998 मध्ये काढलं, ते एखाद्या ग्रंथालयात मिळालं तर चाळाच. आपल्या किनाऱ्याच्या शंखांची नोंद तशी जुनी आहे : मेल्व्हिल आणि ॲबरक्रॉम्बी यांनी मुंबईच्या समुद्री शंख-शिंपल्यांची यादी 1893 मध्येच प्रसिद्ध केली होती.

ओळख पटली की वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. घाबरून रात्री उल्हास नदीत किंवा पाताळगंगेत टाकून देणं हा उपाय नाही. त्याने गोगलगाय जिवंत होत नाही आणि तुमच्याकडचा चांगल्या वागणुकीचा एकमेव पुरावाही जातो. अलिबाग, काशीद, मुरूडला फिरायला गेलात आणि स्टॉलवर मोठा शिंगवाला शंख दिसला तर घेऊ नका. तो त्या किनाऱ्याचा नाहीच.

मामांनी अर्ज हाताने लिहिला. वीज मंडळातल्या नोकरीतलं वळणदार अक्षर. ‘कॉर्न्युटा’ कसं लिहायचं ते मला दोनदा विचारलं, लांबीच्या रकान्यात 21.4 लिहिलं, वजन लिहिलं, ‘खरेदी : पोर्ट ब्लेअर, 1996’ लिहिलं. मामींनी शंख जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला.

भावाने जाहिरात काढून टाकली. काढण्याआधी आम्ही आलेले मेसेज वाचले. चार दिवसांत अकरा जणांनी विचारणा केली होती. बहुतेकांना किंमत कमी करून हवी होती. दोघांनी किंमत विचारलीच नव्हती. त्यांचा प्रश्न वेगळा होता : असे आणखी किती मिळतील?